न पडलेली डहाळी

ही गोष्ट मी पुष्कळ वेळा सांगितली आहे आणि दर वेळी अर्धीच सांगितली आहे. उरलेली अर्धी सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं.

वारासिवनीत, कटंगीत, एकदा बालाघाटच्या मोठ्या सभागृहातसुद्धा लोकांनी मला बोलावलं, खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, जंगलातल्या त्या गावाला त्याच्या जंगलाचं अधिकारपत्र कसं मिळालं, ते सांगा. मी सांगत गेलो. सीमाफेरीच्या दिवसापाशी आलो की माझा आवाज आपोआप चढायचा. दोन गावांचं बापजाद्यांपासूनचं भांडण होतं, तरी त्या दिवशी वाटेवर एकही डहाळी पडली नाही, असं मी म्हणायचो. मग डहाळी पडणं म्हणजे काय ते समजावायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे.

डहाळी पडली नाही हे खरं आहे. का पडली नाही, ते मात्र मी कोणत्याच सभेत सांगितलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका व्यापाऱ्याचं गोदाम आहे. एरवी तिथे धानाची पोती असतात. होळी झाली की मोहफुलांची यायला लागतात, आणि तो गोड, आंबूस, जरा डोक्यात चढणारा वास थेट माझ्या ओट्यापर्यंत येतो. गुडघ्यांमुळे माझं बाहेर जाणं थांबलं आहे, त्यामुळे वास आला की उठून दुसरीकडे जाताही येत नाही. या वर्षीही तो आला. म्हणून लिहायला बसलो.

मी बालाघाटच्या कचेरीबाहेर अर्ज लिहीत असे. कडुनिंबाखाली एक टेबल, दोन बाकं, वर प्लास्टिकची ताडपत्री. वडिलांची खैरलांजीकडे धानाची शेती होती, पण ती भावांत वाटली गेली आणि माझ्या वाट्याला अक्षर आलं. घरी आम्ही मराठी बोलायचो, टेबलावर मी कचेरीची हिंदी लिहायचो. लोक मला मुन्शीजी म्हणत. कोणता साहेब कोणत्या शब्दानं वितळतो आणि कोणत्या शब्दानं चिडतो, हे मला पाठ होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

कटंगीच्या वरच्या जंगलातलं एक गोंड जोडपं एके दिवशी माझ्या बाकावर येऊन बसलं. नवरा अबोल होता. त्यानं कमरेला खोचलेला कागद काढून टेबलावर ठेवला. बायको त्याच्याहून उंच, कपाळावर गोंदण, डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला. त्यांच्या गावात मराठी मुलखातून आलेल्या सुना बऱ्याच, त्यामुळे आपसात गोंडी बोलणारी ती माणसं माझ्याशी माझ्याच बोलीत बोलायची, मधे हिंदी मिसळून.

"वावर सोडा म्हणते जी," नवरा म्हणाला.

"वावर सोडून जाऊ कोठी?" ती म्हणाली. "साहेबाच्या घरी राहाले जाऊ का?"

मी नोटीस वाचली. जंगलखात्याची होती. मी म्हणालो, "घाबरू नका. आता कायदा आला आहे. पिढ्यान् पिढ्या जंगलात राहणाऱ्याला जमिनीचा हक्क मागता येतो."

"कायदा तं पयलेही होता," ती म्हणाली. "त्यानंच तं हे नोटीस आणली."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यात मी त्यांचं काम घेतलं, आणि नंतरची कितीतरी वर्षं त्या गावाचा होऊन गेलो.

पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा कटंगीपर्यंत बस, पुढे एकाच्या मोटारसायकलवर आणि शेवटी पायी असा प्रवास झाला. पायात चामड्याचे बूट होते. तिनं अंगणातूनच पाहिलं आणि म्हणाली, "मुन्शीजी, हे बूट घालून जंगलात येता? सापालेही हसू येईन." तिच्या घरी मी पेज प्यायलो, अंबाडीची भाजी खाल्ली. जेवण झाल्यावर मला काय म्हणून हाक मारायची यावर घरात गोंडीत काही बोलणं झालं. तिनं निकाल दिला, "आमच्या घरी जेवला, आता मुन्शीजी काहून म्हणू? भाऊ म्हणीन." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्याहून मोठी होती की लहान, तिलाही माहीत नव्हतं. मी तिला बाई म्हणू लागलो.

वावराचा दावा मंजूर झाला. मग गावानं सगळ्या जंगलाचा सामूहिक दावा करायचं ठरवलं आणि माझं जाणं-येणं वाढलं. त्याच काळात, फुलं पडायच्या दिवसांत, एका पहाटे ती मला तिचे मोह दाखवायला घेऊन गेली.

गावाच्या पुढे एक नाला आहे आणि नाल्याच्या पलीकडे चढ. चढाच्या वर दुसरं गाव, तिचं माहेर. त्या चढावर दोन मोह होते. एक एवढा मोठा, की आम्ही दोघांनी हात पसरले तरी बुंधा कवेत आला नसता, आणि दुसरा त्याच्याकडे पाठ करून वाकलेला. ती त्यांना थोरला आणि वाकडा म्हणायची. तिच्या लग्नात तिच्या बापानं ते तिला दिले होते. त्यांच्याकडची ती रीत. जमीन मुलांची. पण बाप आपल्या मोहांतला एखादा मोह लेकीला द्यायचा. ती परगावी गेली तरी फुलं तिची. फुलांच्या दिवसांत लेक टोपली घेऊन माहेरी यायची, झाडाखालचा पाला झाडून जागा स्वच्छ करायची, पहाटे फुलं वेचायची, भावाच्या घरी राहायची आणि भरल्या टोपल्या घेऊन सासरी परतायची. ती गेली की झाडं पुन्हा भावांची. कुठेही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक.

त्या पहाटेइतकी सुखाची पहाट मला नंतर मिळाली नाही. उजाडायच्या आधी आम्ही पोचलो. अंधारात फुलं पडत होती, एकेक, जड, थेंबासारखी. उजाडलं तशी झाडलेल्या जमिनीवर पिवळसर मोत्यांसारखी फुलं दिसायला लागली. वरच्या गावातून धूर निघाला आणि ती म्हणाली, "तो आमच्या घरचा." मी विचारलं, एवढ्या धुरांतला कोणता हे कसं कळतं? "मायच्या चुलीचा धूर वाकडाच निघते. भावजय आली तरी चूल तेच आहे." थोड्या वेळानं भावजय पेजेचं भांडं घेऊन उतरून आली. मागून भाऊ आला. त्यानं मला पाहून बहिणीला चिडवलं, "नवीन भाऊ आणला का? जुना पुरत नाई?" ती म्हणाली, "जुना फुलं वेचत नाई, नुसता पेज पेते." मग तो खाली बसून वेचू लागला. मीही वेचली. माझी कंबर लगेच भरून आली आणि तिघंही मला हसले.

आज माझ्या नाकात गोदामाचा वास आहे, आणि हवी आहे ती पहाट.

सामूहिक दाव्यात सगळ्यात अवघड गोष्ट हद्द. कोणत्या गावानं कोणतं जंगल वापरलं, हे नकाशावर दाखवावं लागतं आणि शेजारच्या गावाची त्याला हरकत नसावी लागते. नाल्यापलीकडचा तो चढ दोन्ही गावं आपला म्हणत होती. इकडची गुरं तिकडे चरत, तिकडची माणसं बांबू तोडायला खाली येत. पूर्वी मारामाऱ्या झालेल्या. एकदा आमचा दावा याच कारणासाठी परत आला होता: शेजारच्या गावाशी वाद, आधी मिटवा. कचेरीतल्या बाबूनं कागद माझ्याकडे सरकवत म्हटलं होतं, "मुन्शीजी, आपकी हिंदी तो अच्छी है, पर झगड़ा हिंदी से नहीं मिटता." ते मला लागलं होतं.

मी मार्ग काढला. नाला हीच हद्द. अलीकडचं सगळं आपलं, पलीकडचं त्यांचं. चढ सोडून द्यायचा, आणि त्यांनी नाल्याच्या अलीकडे पाय ठेवायचा नाही. आमच्या गावच्या म्हाताऱ्या पटेलाला, म्हणजे गावप्रमुखाला, ते पटलं. "नाला बरा," तो म्हणाला. "नाला रात्री उठून सरकत नाई." वरच्या गावानंही मान्य केलं, पण एका अटीवर: चढाबद्दल तुमच्या कागदात एक शब्दही नको. एक शब्द लिहिला तर उद्या तुम्ही त्याचे दहा कराल.

मी कबूल केलं.

त्या संध्याकाळी ती अंगणात चिंच फोडत बसली होती. नवरा बाजेवर होता. तिनं वर न पाहता विचारलं, "भाऊ, नाला हद्द झाली तं माहे मोह कोणाच्या बाजूनं गेले?"

"त्यांच्या."

"मंग कागदावर लिवून ठेवा ना. दोन मोह आमच्या गावच्या बाईचे आहेत म्हणून."

मी म्हणालो, "झाडं कुठं जाणार आहेत, बाई? भाऊ तुमचाच आहे. माहेर तुमचं आहे."

"आज भाऊ आहे," ती म्हणाली. "उद्या भावाचे पोरं राह्यतीन. त्याईले कागदच समजन."

बाजेवरून नवरा म्हणाला, "दोन झाडासाठी गावाचं काम अडवतं का?" ती दगडानं चिंच फोडत राहिली.

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे, कारण मला कायदा माहीत नव्हता असं कोणी समजू नये. परंपरेनं चालत आलेला असा हक्क मागायला कायद्यात जागा होती. दुसऱ्याच्या हद्दीतल्या झाडांचाही मागता आला असता, दोन्ही गावांनी मिळून तसं लिहून दिलं असतं तर. ती रीत तोवर मोडत आली होती. अशी झाडं असलेल्या बायका दोन्ही गावांत थोड्याच उरल्या होत्या आणि बाकीच्यांची झाडं वावराच्या बांधावर होती. हद्दीमुळे जाणार होते ते फक्त हिचे मोह. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यासाठी वरच्या गावाशी पुन्हा बोलणं, पुन्हा बैठका, कदाचित पुन्हा भांडण. दावे मंजूर करायचं कचेरीचं शिबिर जवळ आलं होतं, साहेब बदलायची बातमी होती. आणि मला ते काम पुरं झालेलं पाहायचं होतं. माझ्या हातानं.

सीमाफेरी दिवाळीनंतर झाली. धानाची कापणी चालू होती तरी दोन्ही गावं आली. पुढे दोन्ही पटेल, त्यांच्यामागे पुरुष, मागे बायका. दगडांवर चुन्याच्या खुणा करत आम्ही नाल्याच्या काठानं चाललो होतो. त्यांची पद्धत अशी, की प्रत्येक वळणावर थांबायचं. पटेल विचारतो, कोणाला काही म्हणायचं आहे का? तोंडानं कोणी काही बोलायचं नाही, कारण बोललं की भांडण होतं. ज्याची हरकत असेल त्यानं ताजी डहाळी वाटेवर टाकायची. बाई असो, माणूस असो, कोणीही टाकू शकतं. पडलेली डहाळी ओलांडून कोणी पुढे जात नाही. सगळे तिथेच खाली बसतात आणि ज्याची डहाळी त्याचं ऐकून घेतात. गोष्ट मिटली की तोच माणूस आपली डहाळी उचलतो, मग फेरी पुढे सरकते.

चढावर जाणारी पायवाट जिथे नाला ओलांडते, तिथे आम्ही पोचलो. दोन्ही पटेल थांबले. मी नकाशाची गुंडाळी बगलेत धरून उभा होतो. मागे वळून पाहिलं तर बायकांच्या घोळक्यात ती होती आणि तिच्या हातात मोहाची डहाळी होती. मोह जवळपास कुठे नव्हता. ती पहाटेच पलीकडे जाऊन थोरल्याची घेऊन आली असणार. पानं अजून ताठ होती.

मी मागे गेलो. कोणाला फारसं कळलं नाही. माझी सतत धावपळ चालूच होती.

"बाई, हे काय?"

"डहाळी."

"आता नका टाकू."

"आता नाई तं कवा टाकू? फेरी पुढं गेल्यावर?"

"आज ही पडली तर सगळं मोडेल. त्यांना तेवढंच हवं आहे. शिबिर हातचं जाईल, मग पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या मोहांचं मी पाहतो. वेगळं लिहून देतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी पाहता?"

"हौ, मी पाहतो."

"भाऊ म्हणून सांगून राह्यले, का मुन्शी म्हणून?"

मी हसलो. मला घाई होती. "भाऊ म्हणून," मी म्हणालो आणि तिच्या हातातली डहाळी घेतली. हिसकावली नाही. मी हात पुढे केला आणि तिनं बोटं सैल केली.

पुढे पटेलानं विचारलं, "कोणाले काही म्हणायचं आहे?" कोणी काही टाकलं नाही. पलीकडच्या गावातल्या माणसांत तिचा भाऊ उभा होता. त्याची नजर बहिणीच्या रिकाम्या हाताकडे गेली, असं मला तेव्हा वाटलं. नंतर वाटलं, की मीच ते मनानं जोडलं असेल. दगडावर चुना लावला आणि फेरी पुढे गेली.

दुपारी दोन्ही गावं एकत्र जेवली. मोहाची दारू फिरली. म्हातारा पटेल मला मिठी मारून रडला. मी डहाळी नकाशाबरोबर बगलेत धरली होती, ती तशीच घेऊन मोटारसायकलवर मागे बसलो. वारासिवनीला घरी उतरलो तेव्हा बगलेत फक्त नकाशा होता. डहाळी वाटेत कुठे पडली, कळलं नाही.

अधिकारपत्र मिळालं. बालाघाटला कार्यक्रम झाला, गावचे लोक ट्रॅक्टरमधून आले. ती नवी साडी नेसून आली होती. त्या गावाचं भलं झालं, हेही लिहिलं पाहिजे. जंगलखात्याच्या नोटिसा थांबल्या. गाव आपला बांबू आपण विकू लागलं. जंगलात आग लागली तर आता लोक स्वतः धावतात. यातलं काहीच खोटं नाही, आणि सभांमधून मी हेच सांगत आलो.

त्यानंतरच्या होळीनंतर ती माझ्या टेबलाशी आली. एकटी, बसनं, रिकामी टोपली घेऊन. रिकामी टोपली घेऊन एवढ्या लांब का आली, ते आधी माझ्या लक्षात आलं नाही. बाकावर इतर माणसं होती, ती त्यांच्यात जागा करून बसली.

"मोह वेचाले गेलती," ती म्हणाली. "भावजयनं पेज देली. मी पेली. मंग म्हणे, आत्याबाई, पाहुणी म्हणून कवाही या, टोपली घेऊन नोका येत जाऊ. आमच्या समितीनं फुलं वाटून देली आहेत, घरटी. तुमचं गाव तं नाल्याच्या तिकडं आहे."

"आणि भाऊ?"

"भाऊ थोरल्याकडे पाहून राह्यलता." मग ती म्हणाली, "पाहुणी म्हणून किती येळ जाऊ? टोपली घेऊन जात होती म्हणून माहेर होतं."

बाकावरचा एक माणूस खोकला. मी कागद इकडचे तिकडे केले.

"भाऊ," तिनं विचारलं, "आता डहाळी टाकली तं चालन का?"

मी म्हणालो, "पाहतो, बाई."

कचेरीत हा शब्द मी रोज ऐकायचो. साहेब म्हणायचे, बाबू म्हणायचे. त्याचा अर्थ काय, हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत होतं? आणि तिलाही तो तोवर कळला असणार, कारण टोपली उचलून ती म्हणाली, "बरं, मुन्शीजी." त्यानंतर तिनं मला भाऊ म्हटलं नाही.

मी काहीच केलं नाही असं नाही. एकदा वरच्या गावी गेलो. तिच्या भावानं बाज टाकली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मुन्शीजी, चढावर तिकडचा एकही शब्द राहणार नाई, हे तुमीच कबूल केलं ना? आता तुमीच शब्द घेऊन आले."

"तुमची बहीण आहे," मी म्हणालो.

"बहीण आहे म्हणूनच तं त्या दिवशी वाट पाहून राह्यलतो," तो म्हणाला. "तिनं डहाळी टाकली असती, तं मीच सगळ्याईच्या पयले खाली बसलो असतो. सगळ्याईच्या समोर देऊन टाकलं असतं. तिनं टाकली नाई. मंग मी कोणाले काय सांगू? आता एकीले देलं तं सगळेच मांगतीन. कागद तुमचाच आहे ना जी."

मला तेव्हा सांगता आलं असतं, की तिनं टाकली नाही ती माझ्यामुळे. अंगणात दोन-तीन माणसं बसली होती. मी चहा संपवला आणि उठलो. पुन्हा वरच्या गावी गेलो नाही.

हे सगळं मी एकाच माणसाला सांगितलं होतं, माझ्या बायकोला. तिचं माहेर बावनथडी नदीच्या पलीकडे, महाराष्ट्रात. दर वर्षी तिचा भाऊ नव्या तांदळाचं पोतं सायकलवर, पुढे मोटारसायकलवर घेऊन यायचा. आमच्या वारासिवनीत तांदळाला काय तोटा? गल्लीगल्लीत मिल आहे. तरी ती त्या पोत्याचा भात वेगळा शिजवायची आणि सगळ्यांना सांगून वाढायची. भाऊ वारल्यावर पोतं बंद झालं. माझं बोलणं तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुमी तिच्यापासून काय घेतलं, हे तुमाले अजून समजलंच नाई. फुलं तं बजारातही भेटतात." मग दर होळीनंतर, गोदामाचा वास आला, की ती विचारायची, "गेलते का बाईकडे?" मी म्हणायचो, जाईन. आता ती विचारायलाही नाही. वास येतो, आणि घरात कोणी काही विचारत नाही.

एकदा मात्र गेलो होतो. गुडघे तेव्हा थोडं ऐकायचे. फुलांचेच दिवस होते. कटंगीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी काय बोलायचं ते जुळवत गेलो. तिच्याच बोलीत, कारण कचेरीच्या भाषेत ते खोटं वाटलं असतं.

ती घरी नव्हती. नवऱ्यानं नाल्याकडे हात केला. नाल्याच्या अलीकडच्या काठावर, चुन्याची खूण पुसट झालेल्या त्या दगडाशेजारी ती बसली होती. केस पांढरे, गोंदण सुरकुत्यांत गेलेलं, जवळ टोपली, रिकामी. नाल्यात पाणी थोडंच होतं, डबक्याडबक्यांत. पलीकडे चढावर थोरला दिसत होता, त्याच्याखाली कुणाच्या तरी सुना वेचत होत्या.

"रोज येता का इथं?" मी विचारलं.

"हौ. इथून वास येते." तिनं मला बसायला जागा दिली. "मुन्शीजी, पाय दुखतात वाटते. बूट तं अजून तेच आहेत का?"

मी हसलो. ती पलीकडे पाहत होती.

"थोरल्याले या साली लय फूल आहे," ती म्हणाली. "वाकड्याले कमी. तो एक साल आड देते." मग समोरच्या डबक्यात तरंगणाऱ्या दोन-चार फुलांकडे बोट करून म्हणाली, "पाण्यात पडलेलं फूल कोणाच्या हद्दीत येते, मुन्शीजी? तुमच्या कायद्यात पाहून सांगा बरं." आणि स्वतःच हसली, पदर तोंडावर घेऊन, पहिल्या दिवशी बाकावर सगळ्यांना हसवलं होतं तशी.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून एक सून उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहू लागली. बाईनं तिला हात केला. तिनंही केला आणि पुन्हा वाकून वेचायला लागली. बाई म्हणाली, "माह्या भाच्याची बायको. चांगली आहे पोरगी. मले ओळखते." त्यानंतर माझ्याच्यानं बोलवलं नाही. ऊन चढलं तसे आम्ही उठलो. तिनं घरी पेज दिली. कटंगीची शेवटची बस निघून जाईल म्हणून मी लवकर निघालो. पुढच्या होळीला येतो, असं सांगितलं.

पुढच्या होळीआधी तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो फोनवरही तसाच अबोल. ती गेली, एवढं म्हणाला. माती देऊन झाली होती. मग म्हणाला, "तिचा भाऊ आलता. टोपली घेऊन आलता, फुलाची. गेल्या सालचे सुकवलेले. माह्या हातात देली अना म्हणे, ठेवा, तिचे आहेत." मी फोन ठेवला.

बसच्या खिडकीशी बसून जे जुळवलं होतं, ते मला अजून तसंच्या तसं पाठ आहे. नाल्याच्या काठी ते मला म्हणता आलं नाही. ते असं होतं:

बाई, ते डहाळी मीनं तुमच्या हातातून घेतली. भाऊ म्हणून घेतली अना मुन्शी म्हणून पळवली. मले घ्याले नोको होती. तुमचा भाऊ त्या दिवशी खाली बसाले तयार होता, हे मले त्यानं सांगितलं, अना तेही मीनं तुमाले आजवर सांगितलं नाई. तुमचं माहेर तुटलं नवतं, बाई. मीच मधात उभा होतो. मले माफ करा.